निळं दूध

यवतमाळच्या लोहाऱ्याला आमच्या घरासमोर नवी कॉलनी झाली आहे. तिथली लेकरं संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी काही त्यांची लाडकी आजी नाही. ओटा मोठा आहे आणि मी त्यांना अभ्यासाचं विचारत नाही, म्हणून येतात. जन्मभर अंगणवाडीत मदतनीस म्हणून दुसऱ्यांची नाकं पुसली, आता पुसत नाही. परवा त्यातल्या एकानं विचारलं, आजी, आभाळ निळं का असतं? मी तोंड उघडायच्या आत त्याच्या आईनं वरच्या गॅलरीतून मोबाईलमध्ये बघून सांगितलं, समुद्राचा रंग आभाळात दिसतो, म्हणून. मी म्हटलं, बाई, यवतमाळला समुद्र कुठं आहे? आपल्या नळाला पाणी यायचं तर आठवडा जातो, त्या हिशेबानं आपलं आभाळ कोरडं ठक्क पाहिजे. बाई आत निघून गेली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मलाही फार काही गमावल्यासारखं वाटत नाही.

लेकरांना मग मी तूर उफणायचं उदाहरण दिलं. सूर्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, जसे खळ्यातल्या ढिगात दाणे आणि फोलपटं. उंच उभं राहून टोपल्यातून ती रास वाऱ्यावर सोडली की दाणा सरळ खाली येतो आणि फोलपट चहूकडे उडतं. निळा रंग त्या फोलपटासारखा. हवेतल्या बारीक कणांना लागून तो सगळीकडे उधळला जातो, म्हणून जिकडं बघावं तिकडं निळं. लेकरांना हे पटलं, पण उफणणी त्यांनी पाहिलेली नव्हती. एक पोरगी म्हणाली, आमच्या टीचर ग्लासात दूध टाकून दाखवणार आहेत. मी म्हटलं, मग टीचरलाच विचार. दुधाचा तो प्रयोग मी कोणाला दाखवत नाही. मी तो गावच्या शाळेत पाहिला आणि तेवढा बस झाला.

आमचं गाव बोरी अरबला बाजार करणारं. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यांच्यापेक्षा मोठा कोठा, कारण आमच्या घरात माणसांपेक्षा म्हशीची सोय आधी बघत. कपाळावर पांढरा टिळा म्हणून तिचं नाव चांदी. बाप कापसाच्या हंगामात दारव्ह्याला जिनिंगमध्ये हमालीला जाई आणि तिकडंच राही. घर मायच्या हातात असे, आणि हात कडक होता. सकाळी मला जाग येई ती चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं. आधी पत्र्यावर वाजल्यासारखा कोरडा आवाज, मग चरवी भरत गेली की तो जाड आणि मऊ होत जाई. त्या आवाजावरून मला अंथरुणातच समजे की चांदीनं आज किती दिलं आणि मायचा दिवसभर मूड कसा राहील. कमी दिलं असलं की मी लवकर उठून झाडू हातात घेत असे.

सकाळचं दूध रतिबाचं. संध्याकाळच्या दुधाची गोष्ट वेगळी होती. ते माय मोठ्या गंजात ओतून गोवऱ्यांच्या मंद विस्तवावर ठेवी आणि तिथंच रात्रभर निवू देई. पहाटे त्याच्यावर भाकरीएवढी जाड साय आलेली असे. ती साय माय दोन बोटांनी कडेकडेनं सोडवून अख्खी उचले आणि मडक्यात टाके. खाली उरलेलं दूध ती सकाळच्या ताज्या धारेत मिसळे आणि मग आम्ही रतीब घालायला निघत असू. सायीचं लोणी, लोण्याचं तूप, आणि तूप यवतमाळच्या आत्याकडं. माझा मोठा भाऊ, दादा, तिथं आत्याच्या घरी राहून हायस्कूलला जात होता. आत्या त्याला फुकटात ठेवणाऱ्यांतली नव्हती. तुपाचा डबा हलका आला की दादाच्या ताटातलं वरण पातळ होई, आणि दादा सुटीत आला की तेवढंच सांगे. माय मग दुसऱ्या दिवशीपासून साय आणखी खालून काढे.

ती साय मी कधी खाल्ली नाही. तूप कढवून झालं की भांड्याच्या तळाशी जी करपट बेरी राहते, ती माझी. त्यात गूळ टाकून मी भांडं बोटांनी असं पुसून खाई की माय ते घासायचीच नाही. मला वाटे, पोरींचं अन्न हेच असतं. मी रडल्याचं आठवत नाही. आता नातवाला सायीची वाटी बाजूला सारताना बघते तेव्हा मात्र त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, आणि एकदा घातलाही.

रतीब घालायला माय मला बरोबर नेई. लोकांना वाटे, पोरगी आईला हातभार लावते. मापाचा पेला मी धरत असे हे खरं, पण मी तिथं होते ते डोक्यासाठी. गावात दूध पातळ लागलं की बाया बोलत, आणि आमच्या दुधावर साय धरत नाही हे हर घरी बोललं जाई. अशी कुरकूर झाली की माय म्हणे, "म्हैस नुसत्या हिरव्या चाऱ्यावर हाये बाई, अन् सरकीची ढेप कोठं भेटते." तेवढ्यानं भागलं नाही की ती माझ्या डोक्यावर हात ठेवी. "या पोरीची आन घेऊन सांगतो, पान्याचा थेंब टाकत नाही." लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही, कारण बोललं तर लेकरू जातं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. समोरची बाई मग भांडं पुढं करी. माय खोटं बोलतच नव्हती. पाणी ती खरंच टाकत नव्हती. सायीचं कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दादा सुटीत घरी असला तरी रतिबाला बरोबर मीच. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मायनं कधी आन घेतली नाही.

शाळा मात्र मला फार आवडे. गुरुजी बाभुळगावचे होते, आमच्याच गावात खोली करून राहत आणि दूध आमच्याचकडून घेत. पुस्तकातलं वाचून दाखवताना ते पुस्तकी बोलत आणि समजावून सांगताना आमच्यासारखं. त्यांना एक खोड होती. प्रश्न विचारला की उत्तर आल्याशिवाय ते वर्ग सोडत नसत, मग घंटा झाली तरी. मला उत्तरं येत. त्या वर्षी ते घरी येऊन मायला म्हणाले होते की नलीला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवतो, पास झाली तर दारव्ह्याला मुलींच्या वसतिगृहात फुकट सोय होते. मायनं त्यांना पाट दिला, चहा दिला, पण शब्द दिला नाही. ते गेल्यावर म्हणाली, "पाहू. रतीब चालू राह्यला तं पाहू." मला तेवढं पुरलं. तेव्हापासून चांदीचा चारा मी न सांगता कापू लागले.

दिवाळी होऊन गेली होती. गुरुजींनी एका दुपारी वर्गाची खिडकी पोत्यानं बंद केली आणि पोत्याला पडलेल्या भोकातून एका पोराकडून बाहेरच्या आरशानं उन्हाची तिरीप आत घेतली. टेबलावर काचेचा पेला, त्यात स्वच्छ पाणी. त्यांनी स्वतःच्या घरून वाटीत आणलेल्या दुधाचे काही थेंब त्यात टाकले आणि पेला तिरीपेत धरला. आम्ही बाजूनं बघत होतो. पाणी निळं झालं. खरंच निळं, सकाळच्या आभाळाचं असतं तसं. मग त्यांनी समजावलं. हवेतले कण लय बारीक असते, बारीक कण निळा रंग जास्त उधळते, म्हणून आभाळ निळं. ढगातले थेंब जाड असते, जाड कण सगळेच रंग सारखे उधळते, म्हणून ढग पांढरा. त्यांनी फळ्यावर लिहिलं, बारीक तर निळं, जाड तर पांढरं. मी ते तीन वेळा मनात म्हटलं. मला इतका आनंद पुढं लग्नातही झाला नाही.

तेवढ्यात पाटलाची मंदी उभी राहिली. ही मंदी माझ्याच बाकावर बसे आणि माझ्या फ्रॉकचं ठिगळ रोज मोजे. ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरी नलीची माय दूध देते ना, ते तं पानी न टाकताच कडेनं असंच निळं दिसते."

वर्ग हसला. गुरुजींनी हातातल्या वाटीकडं पाहिलं. ते दूधही आमचंच होतं. वाटी त्यांनी वाकडी करून कडेला येणारा रंग बघितला, आणि ते बघणं सगळ्या वर्गानं बघितलं. शाळा सुटेपर्यंत पोरांनी माझं नाव निळी ठेवलं होतं. घरी पोचेपर्यंत ते गावभर झालं होतं. मंदीच्या आजीनं आमच्या अंगणाशी उभं राहून मायला ऐकवलं, "काय वं, नळाचं टाकतं का विहिरीचं, तेवढं तरी सांग."

माय त्या दिवशी जेवली नाही. मला तिनं सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, गुरुजी काय म्हणाले, मंदी काय म्हणाली, पेला कुठं धरला. मी आभाळाचं सांगायला लागले तर म्हणाली, "आभाळ गेलं खड्ड्यात. दुधाचं सांग." शेवटी म्हणाली, "उद्या चांदीलेच नेतो शाळेत. साऱ्याइच्या डोळ्यापुढं धार काढतो. मंग पाहू कोन म्हनते पानी टाकते म्हनून." मला ते फार आवडलं. मला वाटलं आपली माय जिंकणार. तिलाही तसंच वाटत होतं. वर्षानुवर्षं तिच्यावर एकच आळ होता, पाण्याचा, आणि त्या आळातून ती स्वच्छ होती. दुसरंही काही निघू शकतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं चांदीला पिळलंच नाही. धुऊन, शिंगांना तेल लावून, दोर धरून ती भर गावातून निघाली. मी मागं चरवी घेऊन. बाया भांडी टाकून मागं आल्या. शाळेच्या अंगणात लिंबाखाली मायनं म्हैस बांधली, खाली बसली आणि चरवी आधी गुरुजींपुढं उलटी करून दाखवली. "पाहून घ्या. कोरडी हाये." मग धार काढली. चांदी बिचारी लोकांना बुजली होती, तरी तिनं दिलं. मायनं फेसाळ चरवी गुरुजींच्या हातात दिली. "आता पाहा तुमच्या पेल्यात. अन् मंग या बाईले सांगा," असं म्हणून तिनं मंदीच्या आजीकडं बोट केलं.

गुरुजी तयारच होते. सगळे वर्गात शिरले, जे मावले नाहीत ते दारात दाटले. खिडकीला पोतं आणि बाहेर आरसा लावला. टेबलावर या वेळी पेले दोन. एकात गुरुजींनी चांदीची ताजी धार टाकली, दुसऱ्यात घरून आणवलेलं कालचं रतिबाचं दूध. थेंब सारखेच. ताज्या दुधाचं पाणी पांढुरकं झालं, ढगासारखं. रतिबाच्या दुधाचं निळं.

दोन्ही पेले शेजारी शेजारी होते आणि आंधळ्यालाही फरक दिसला असता. म्हैस खरी निघाली होती. आता राहिली होती फक्त माय. तिला ते कळायला थोडा वेळ लागला. ती एकदा या पेल्याकडं, एकदा त्या पेल्याकडं बघत होती. मंदीची आजी म्हणाली, "झालं ना मंग. म्हशीच्या सडातून पांढरं येते, तुह्या हातातून निळं होते."

मायनं मला ओढून पुढं घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आवाज फाटला होता तिचा. "पोरीची आन. पान्याचा एक थेंब नाही टाकला. कधीच नाही. टाकला असंल तं ही आत्ता मरो."

एवढी मोठी आन सगळ्या गावापुढं कोणी घेतलेली नव्हती. बायांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मला आजही वाटतं, तिथं ते थांबलं असतं. बायांनी आनीवर विश्वास ठेवला असता, दोन दिवस कुजबुजल्या असत्या आणि पुन्हा भांडं पुढं केलं असतं. पण तिथं गुरुजी होते. त्यांना मायशी काही वैर नव्हतं. त्यांना फक्त उत्तर न मिळालेला प्रश्न सहन होत नसे. त्यांनी खडू उचलला, आणि ते वर्गाकडं वळून म्हणाले, "बाई म्हणते पाणी टाकलं नाही. आपण तिचं खरं धरू. मंग दूध निळं काहून झालं? विचार करा. कोणाले येते?"

आणि मला आलं. माझ्या डोक्यावर मायचा हात होता, समोर फळा होता, आणि त्यावर कालचंच लिहिलेलं होतं, बारीक तर निळं, जाड तर पांढरं. मला एकदम गंजावरची साय दिसली. मी हात वर केला. "गुरुजी, मले येते."

"बोल."

"माय पानी नाही टाकत. साय काढते. सायीतले कण जाड असते. ते निंघून गेले का मंग बारीकच राह्यते. म्हनून निळं."

गुरुजींचा चेहरा फुलून आला. इतका आनंद झालेला माणूस मी क्वचितच पाहिला. "शाब्बास नले," ते म्हणाले. "हे पुस्तकात नाही, हे हिनं स्वतःच्या डोक्यानं काढलं. वाजवा टाळ्या." आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मंदीनंही वाजवल्या. दारातल्या काही बायांनीसुद्धा वाजवल्या, मास्तर म्हणतो म्हणून. मायचा हात माझ्या डोक्यावरच होता आणि टाळ्या वाजत होत्या तोवर तो तिथंच राहिला.

लोक मला म्हणतात, जाऊ दे, लहान होतीस. लहान होते, पण खोटी नव्हते. मला विचारलं, मला येत होतं, मी सांगितलं. त्याची मला खंत नाही आणि मी कोणाची माफीही मागणार नाही. चीड येते ती त्या टाळ्यांची. एका बाईची सगळ्या गावापुढं चिरफाड होत असताना तिच्याच पोरीचं कौतुक करायला लावायचं, ही अक्कल शिकलेल्या माणसालाच सुचते. गुरुजी चांगले होते. चांगल्या माणसानं केलं म्हणून ते अजून खुपतं.

टाळ्या थांबल्यावर मंदीची आजी म्हणाली, "आमच्या सायीवर तुह्या पोराले बॅलिस्टर करून राह्यली होती काय?" माय वर्गातून निघाली आणि सरळ घराकडं चालत गेली. चांदी लिंबालाच बांधलेली राहिली. तिला सोडून मी घरी आणलं, आणि माझ्या मागं पोरं निळी निळी ओरडत आली.

रतीब त्या दिवशी बंद झाला. मला वाटलं माय मारेल. तिनं बोटही लावलं नाही. आता दोन्ही वेळचं दूध घरातच राहू लागलं, आणि त्या सगळ्याचं तूप होऊ लागलं. आत्याकडं डबा कधी नव्हे तो काठोकाठ जाऊ लागला. दादाचं शिक्षण असं अगदी निर्धास्त झालं. आज तो मोठा साहेब होऊन रिटायर झाला आहे आणि चारचौघांत सांगतो की आईनं मला तुपावर वाढवलं. सांगू दे. खोटं नाही ते. पण रतिबाचे पैसे बंद झाले, तर मीठ-मिरची, ढेप आणि रॉकेल कुठून आणायचं हा प्रश्न होता, आणि मायकडं त्याचं उत्तर तयार होतं.

गुरुजी एकदा येऊन गेले. अंगणातच उभे राहिले, माय त्यांना बसा म्हणाली नाही. ते म्हणाले, "पोरगी लय हुशार आहे. परीक्षेचं तेवढं विसरू नका." माय ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. फोलपटं त्यांच्या धोतरावर उडत होती. ते धोतर झटकून निघून गेले.

सोमवारी सकाळी मी वेणी घालून, दप्तर घेऊन दारात आले. माय कापसाच्या शेतात वेचायला निघाली होती. तिनं मला थांबवलं, हातातलं दप्तर काढून घेतलं, खुंटीला अडकवलं आणि एक जुनं लुगड्याचं फडकं माझ्या कमरेला बांधायला लागली. कापूस वेचताना बाया बांधतात तशी त्याची ओटी केली. मी म्हटलं, "माय, आज शाळा हाये."

ती माझ्या मागं जाऊन गाठ मारत होती, त्यामुळं मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"आभाळ निळं काहून असते, हे समजलं ना तुले?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"मंग झालं. शिकाचं ते शिकली तू."